बावीस वर्षे नवागत राहिल्याबद्दल आणि जागा क्र. ब-११५ बद्दल

प्रति,
मा. नगरसचिव,
एल्डर बेंड नगर परिषद,
नगर भवन, दुसरा मजला,
एल्डर बेंड, आयोवा.

अर्जदार : श्रीमती फिक्रेता चाउशेविच, वय ६७, निवृत्त कामगार, राहणार ४१२, कॉटनवुड रस्ता; सदस्य (मानसेवी), विविधता व समावेशन आयोग, आसन क्र. ९.

विषय : नगर दफनभूमीतील जागा क्र. ब-११५ माझ्यासाठी राखून ठेवण्याबाबत, व त्याआड येणाऱ्या माझ्या नवेपणाबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे दि. १८ ऑक्टोबर २०२३ चे नकारपत्र.
२) आयोगाचे उपविधी, कलम ४ व कलम ७.
३) मी घेतलेल्या बावीस शपथा.

महोदय,

अर्ज लांबला आहे याची मला जाणीव आहे. आयोगाच्या सभेत बोलायला तीन मिनिटे मिळतात आणि तिसरे मिनिट संपले की घंटा वाजते. कागदाला घंटा नसते, म्हणून कागदावर लिहीत आहे. आपण तो सवडीने वाचावा, फक्त २१ नोव्हेंबरच्या आत वाचावा, एवढी विनंती सुरुवातीलाच करून ठेवते.

१. मी बॉस्नियाहून येऊन या शहरात ऑक्टोबर १९९९ पासून राहते. ही गोष्ट माझ्या गल्लीला माहीत आहे, टपालवाल्याला माहीत आहे आणि आपल्याला स्वतःलाही माहीत आहे, कारण पुराच्या वर्षी वाळूची पोती हातोहात देणाऱ्या रांगेत आपण माझ्या डावीकडे होतात. आपल्या कार्यालयाला मात्र ती माहीत नाही. कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे मी या शहरात नुकतीच आले आहे आणि मला येऊन तीन वर्षेही झालेली नाहीत.

२. माझे पती रेफिक चाउशेविच गेल्या वर्षी २१ नोव्हेंबर रोजी वारले. ते अंगणातली पाने गोळा करत होते. पानांचा ढीग अर्धा झाला होता. उरलेली पाने पुढे मीच गोळा केली, कारण नगर परिषदेची गाडी शुक्रवारी येते. मला तेव्हा रडू आले नाही आणि नंतरही आलेले नाही. हे विषयाशी संबंधित नाही, पण मी हा अर्ज भावनेच्या भरात लिहीत नाही एवढे आपल्या ध्यानात यावे म्हणून नमूद केले.

३. रेफिक यांना नगर दफनभूमीत जागा क्र. ब-११४ मध्ये पुरले आहे. शेजारच्या शहरातून आलेल्या इमामांनी आमच्या रीतीप्रमाणे त्यांना उजव्या कुशीवर, तोंड ईशान्येकडे, म्हणजे इथून मक्केच्या दिशेला, करून ठेवले. जागा ब-११५ त्यांच्या तोंडाच्या बाजूला आहे. दफनभूमीच्या नियमानुसार लगतची जागा पतीच्या किंवा पत्नीच्या नावे एक वर्ष राखून ठेवतात. त्या मुदतीत पत्नीने आपण या शहराची किमान दहा वर्षांची रहिवासी असल्याचे नगर परिषदेच्या नोंदींवरून दाखवायचे असते. न दाखवल्यास जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाते. पुढचा माणूस कोण आहे हे मी विचारलेले नाही. तो भला माणूस असेल. पण रेफिक सगळा जन्म एका कुशीवर झोपत आले आणि त्या बाजूला एकोणचाळीस वर्षे मी होते. आता तिथे कोणी अनोळखी गृहस्थ यावा, हे मला पटत नाही.

४. ९ ऑक्टोबर रोजी मी आपल्या कार्यालयात गेले. खिडकीवर डार्लीन व्हॉस होत्या. डार्लीन माझ्या शेजारीण आहेत. त्यांच्या आणि आमच्या अंगणात एकच कुंपण आहे, आणि ते दर तीन वर्षांनी रेफिक रंगवायचे, दोन्ही बाजूंनी. त्यांनी संगणकात माझे नाव घातले आणि पडदा दोनदा खालीवर सरकवला. मग म्हणाल्या, "फिक्रेता, अगं तू इथे नवी आहेस म्हणून दाखवतंय."

मी म्हटले, डार्लीन, मागच्या रविवारी तू माझ्याकडून चाळण नेलीस.

"मला ठाऊक आहे गं. पण मला ठाऊक असणं वेगळं आणि शहराला ठाऊक असणं वेगळं. दुसरा काही कागद आण ना. शहराचाच हवा पण."

त्यानंतर मी जे जे कागद नेले त्यांचे काय झाले ते थोडक्यात देते. घर २००१ साली घेतले तेव्हा मला कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही, म्हणून सही एकट्या रेफिकची आहे. घर माझ्या नावावर यंदा फेब्रुवारीत झाले, म्हणजे तिथेही मी नवीच. पाणी आणि कचरा त्यांच्या नावे. वाचनालयाचे कार्ड त्यांचे. पुस्तके तेच आणून द्यायचे आणि शेवट काय आहे तेही आधीच सांगून टाकायचे. मतदार यादीत माझे नाव आहे, पण ती यादी काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, शहराची नव्हे. ज्या कारखान्यात मी बारा वर्षे डुकराचे मांस कापले, म्हणजे धर्माने जे तोंडात घालायचे नाही ते दोन्ही हातांनी कापले, तो कारखाना बंद पडला आणि त्याचे दप्तर कुठे गेले ते कोणालाच ठाऊक नाही. आम्हाला मूल नाही, त्यामुळे शाळेच्या पटावरही आमचे नाव नाही.

राहता राहिला आयोग. या शहराच्या दप्तरात माझे स्वतःचे नाव, माझ्या स्वतःच्या सहीने, फक्त तिथेच आहे. आणि तिथे ते 'नवागत' या शब्दाखाली आहे.

५. हे कसे झाले ते सांगणे भाग आहे. आयोगाची स्थापना २००१ साली झाली. शहरात नऊ तऱ्हेची माणसे आहेत असे त्या वेळी ठरले आणि कलम ४ नुसार नऊ आसने झाली. एक वृद्धांसाठी, एक भाडेकरूंसाठी, एक अपंगांसाठी, अशी. नववे आसन 'नवागत रहिवासी', म्हणजे शहरात येऊन तीन वर्षे न झालेल्या व्यक्तीसाठी. जानेवारी २००२ मध्ये मला येऊन सव्वादोन वर्षे झाली होती. अध्यक्षा श्रीमती वर्ना होल्मक्विस्ट घरी आल्या, रेफिकने कॉफी केली, त्यांनी कॉफीतला गाळसुद्धा प्यायला आणि मी हो म्हटले. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता. कोणी विचारायला आले होते, ही मोठी गोष्ट होती.

कलम ७ नुसार सदस्याचा कार्यकाळ एक वर्षाचा आहे, पण त्या आसनावर दुसरा कोणी शपथ घेईपर्यंत जुन्यानेच चालू ठेवायचे आणि दर जानेवारीत शपथ नव्याने घ्यायची. दुसरा कोणी आला नाही. २००८ मध्ये एक गृहस्थ तयार झाले होते, ते शपथेच्या आदल्या आठवड्यात नेब्रास्काला गेले. २०१४ मध्ये एक बाई आल्या तेव्हा गणपूर्ती नव्हती, आणि पुढच्या सभेपर्यंत त्यांचा उत्साह मावळला. आमच्या सभांना येणाऱ्यांचा बहुधा मावळतो. मी मात्र उजवा हात वर करून दर जानेवारीत म्हणत राहिले, "मी, फिक्रेता चाउशेविच, या शहरातील नवागत रहिवासी, शपथ घेते की." नव्याचे नऊ दिवस म्हणतात. माझी बावीस वर्षे झाली.

६. मी कधी तक्रार केली नाही असे मात्र कोणी म्हणू नये. २००५ साली मी अध्यक्षांना विचारले होते की हा शब्द बदलता येईल का. त्या म्हणाल्या, "अगं, नुसते शब्द आहेत ते. आणि खरं सांगू का, तुझ्याइतकी अनुभवी नवी माणसं मिळत नाहीत." सगळे हसले. मीही हसले, कारण त्या खरोखरच चांगले बोलल्या होत्या.

आयोग दर वर्षी भरवतो त्या 'सर्व देशांच्या पंगती'ला २०११ साली मी नेहमीची पिता, म्हणजे आमच्याकडची पातळ लाटून आत सारण भरून भाजलेली गुंडाळी, नेली नाही. दहा वर्षे तीच लाटत होते, हात भरून आले होते. डार्लीनने शिकवलेले कॅसरोल नेले: खाली खिमा, त्यावर डब्यातले मशरूमचे सूप, वर बटाट्याच्या तळलेल्या गोळ्यांच्या रांगा. या शहरात कोणी मेले, कोणी जन्मले की हेच दाराशी येते. अध्यक्षांनी त्यापुढे 'बॉस्निया' अशी पाटी लावली. लोकांनी दोन-दोनदा वाढून घेतले. एक गृहस्थ मला म्हणाले, "कमाल आहे, अगदी आमच्या आईच्या हातासारखं लागतंय. जग किती लहान आहे." मी त्यांना काही सांगितले नाही. पुढच्या वर्षी परत पिता केली.

७. आता टोपलीबद्दल. आयोगाच्या प्रथेप्रमाणे नवागत सदस्याला शपथेनंतर नगराध्यक्षांच्या हस्ते स्वागताची टोपली देतात. तीत मधाची बाटली, फ्रीजवर चिकटवायचे शहराचे चिन्ह, जलतरण तलावाचे एका दिवसाचे तिकीट, शहराचा नकाशा आणि 'एल्डर बेंडमध्ये आपले स्वागत असो' असे छापलेले, माझे नाव घातलेले, तारीख आणि सही असलेले कार्ड असते. मला अशा बावीस टोपल्या मिळाल्या आहेत. मध आम्ही खाल्ला. पोहायला मला येत नाही. नकाशे मी जपून ठेवले. पहिल्यात कारखाना आहे, त्याच्यापुढे छोटे डुकराचे चित्र आहे. पुढे चित्र गेले, मग कारखाना गेला, मग त्या जागी 'नियोजित उद्यान' आले आणि ते अजून नियोजितच आहे.

मी टोपली घेऊन घरी आले की रेफिक दार उघडून दारातच उभे राहायचे. "या बाई, या," म्हणायचे. "घर सापडलं ना? नाही, म्हटलं, नवीन माणूस. वाट चुकायचं." मग माझ्या हातातून नकाशा घेऊन त्यावर बोट ठेवून आमचे घर दाखवायचे, हे स्वयंपाकघर, हा मी, असे. एकवीस जानेवारी त्यांनी हाच विनोद केला. मला तो दहाव्या वर्षापासून नकोसा झाला होता. या जानेवारीत मी टोपली घेऊन आले आणि किल्ली हातात असूनही दारात काही वेळ उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. डार्लीन पलीकडून आल्या, माझ्या हातातून किल्ली घेतली आणि दार उघडून दिले. हेही विषयाशी संबंधित नाही.

संबंधित आहे ते एवढेच की ही बावीस कार्डे आपल्या कार्यालयात छापलेली, वेगवेगळ्या वर्षांची आणि शहराच्या सहीची आहेत. ती मी १६ ऑक्टोबर रोजी खिडकीवर मांडली. मला वाटले, आता काम झाले. आपण स्वतः बाहेर आलात. आपण ती सगळी वाचलीत, एकही न गाळता, त्याबद्दल मी आभारी आहे. मग आपण म्हणालात, "बाई, यावरून तुम्ही बावीस वेळा आलात एवढं सिद्ध होतं. मधल्या काळात राहिलात, हे यात कुठे आहे?"

मी सभांच्या इतिवृत्तांकडे बोट दाखवले. सव्वादोनशेहून जास्त सभा झाल्या आहेत आणि मी त्यांपैकी तीन चुकवल्या, तिन्ही आजारपणात. डार्लीनने फाइल काढली. इतिवृत्तात आसने लिहितात, नावे लिहीत नाहीत. 'नवागत प्रतिनिधी : हजर.' पानामागून पान तेच. "ही तूच आहेस ना गं," डार्लीन हळूच म्हणाली, पण ते तिने कुठे लिहिले नाही. तिला नोकरीची तीन वर्षे उरली आहेत. मी तिला दोष देत नाही.

८. आपल्या १८ ऑक्टोबरच्या पत्रात म्हटले आहे की अर्जदाराने स्वतःच शपथपूर्वक आपण नवागत असल्याचे बावीस वेळा घोषित केले असून, त्याविरुद्ध दावा करावयाचा असल्यास या शपथा असत्य होत्या असे लेखी द्यावे लागेल, व त्याचे परिणाम अर्जदारावर राहतील. म्हणजे मी एकतर नवी आहे किंवा खोटारडी. धरले तर चावते, सोडले तर पळते. हे पत्र मी तीनदा वाचले आणि नीट घडी घालून फ्रीजवर शहराच्या चिन्हाखाली लावले. राग यायला हवा होता. गेल्या वर्षभरात मला कशाचाच यावा तेवढा राग येत नाही. दात काढण्याआधी सुई देतात तसे सगळे अंग झाले आहे. बोट लावले की बोट कळते, गाल कळत नाही.

९. पत्राच्या शेवटी आपण सुचवले होते की आसन सोडावे, म्हणजे पुढची नोंद दुरुस्त करता येईल. मी तेही करून पाहिले. २४ ऑक्टोबरच्या सभेत राजीनामा ठेवला. आयोगात सध्या पाच सदस्य उरले आहेत आणि गणपूर्ती पाचाची आहे. विषय माझा असल्याने मी त्या विषयापुरते बाहेर बसणे आवश्यक होते. मी बाहेर गेले, तर आत चार जण उरले आणि गणपूर्ती मोडली. मी आत आले, तर विषय घेता येईना. असे दोनदा झाले. तिसऱ्यांदा अध्यक्षा दारापर्यंत आल्या. त्या आता ऐंशीच्या आहेत आणि काठी घेऊन चालतात. म्हणाल्या, "फिक्रेता, राहू दे आता. ये आत. तुझ्यावाचून आमची सभासुद्धा होत नाही बघ." त्या प्रेमाने बोलल्या. मी आत जाऊन बसले. पुढचा विषय होता, नव्या लोकांना आपलेपणा वाटावा म्हणून काय करावे.

१०. तेव्हा एकच मार्ग उरला: माझ्या आसनावर दुसऱ्या कोणी शपथ घ्यायची. तशी एक व्यक्ती मला मिळाली. श्रीमती फुराहा बाहाती काँगोच्या आहेत, अंड्यांच्या कारखान्यात मोजणीला असतात, दोन मुले आहेत, शहरात येऊन चौदा महिने झाले. मी त्यांच्याकडे पिता घेऊन गेले. त्यांनी चहा केला. मी त्यांना आसन, सभा, टोपली सगळे सांगितले. त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"किती दिवसांसाठी, मावशी?"

"दुसरं कोणी येईपर्यंत."

"आणि कोणी आलंच नाही तर?"

मी खोटे बोलू शकले असते, पण मला सुचले नाही. त्या म्हणाल्या, "छावणीतही आम्हाला हेच सांगितलं होतं. थोडेच दिवस, पुढची सोय होईपर्यंत. अकरा वर्षं काढली तिथे. धाकटा तिथलाच." आणि हात पुढे केला. "द्या इकडे. तुमचं काम अडलंय ना? करते मी सही."

त्यांनी संमतिपत्रावर सही केली. मी निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. दाराशेजारी त्यांनी सफरचंदाचे रोप लावले आहे, गुडघ्याएवढे, थंडीसाठी त्याला पोते गुंडाळलेले. फळ धरायला किती वर्षे लागतात असे त्यांनी मला विचारले, कारण मी इथली जुनी. पाच-सहा, मी म्हटले. "मग ठीक आहे," त्या म्हणाल्या.

ते संमतिपत्र आठ दिवस माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर होते. त्यावर काही सांडू नये म्हणून मी ओट्याजवळ उभी राहून जेवत होते. ते आपल्याकडे दिले असते तर आज जागा ब-११५ माझी झाली असती, हे मला समजते. पण सहा वर्षांनी त्यांच्या झाडाला सफरचंदे लागतील, आणि त्या वर्षीच्या जानेवारीतही त्या उजवा हात वर करून मी इथे नवी आहे असे म्हणत असतील, आणि एक दिवस त्याही कोणत्या तरी खिडकीवर कसला तरी कागद मागायला येतील. ज्याने दारात झाड लावले त्याला त्या आसनावर बसवायचे माझ्याने होणार नाही. नवव्या दिवशी मी संमतिपत्र त्यांना परत नेऊन दिले. फाडायचे की ठेवायचे ते त्यांनी ठरवावे. या अर्जासोबत ते जोडलेले नाही.

११. म्हणून मी उपविधी पुन्हा वाचले, या वेळी चष्मा लावून. कलम ७ चे शेवटचे वाक्य आजवर कोणी सभेत वाचलेले मला आठवत नाही. ते असे आहे : 'सदस्याचा कार्यकाळ उत्तराधिकाऱ्याच्या शपथेने अथवा सदस्याच्या मृत्यूने समाप्त होईल, व समाप्तीच्या क्षणापासून आसनाचे वर्णन त्या व्यक्तीस लागू राहणार नाही.'

याचा अर्थ मी पुढीलप्रमाणे लावते. मी मरेन त्या क्षणी माझे आसन सुटेल. आसन सुटले की 'नवागत' हा शब्द माझ्यापुढून जाईल, आणि तो काढण्यासाठी गणपूर्ती, राजीनामा किंवा कोणाची शपथ लागणार नाही. मला पुरण्याचा प्रश्न त्यानंतरच येईल, आधी येऊ शकत नाही. तेव्हा ज्या वेळी मला जागा ब-११५ प्रत्यक्षात लागेल, त्या वेळी मी या शहरात नवी असणार नाही. दफनभूमीच्या नियमात रहिवास तपासावा असे आहे, पण तो कोणत्या दिवशी तपासावा हे लिहिलेले नाही. आपण तो १८ ऑक्टोबरला तपासलात, तेव्हा मी जिवंत होते. ही तपासणी चुकीच्या दिवशी झाली, असे माझे नम्र म्हणणे आहे.

१२. सबब विनंती की,

(क) जागा क्र. ब-११५ ची मुदत माझ्या मृत्यूच्या दिवसापर्यंत वाढवावी व माझी तपासणी त्या दिवशी करावी.

(ख) तोपर्यंत आसन क्र. ९ माझ्याकडेच राहू द्यावे. मी दर जानेवारीत शपथ घेईन आणि कोणतीही कुरकुर करणार नाही. पंगतीला पिता आणीन. माझ्यानंतर ते आसन रिकामे ठेवावे, किंवा रद्द करावे. नऊ तऱ्हांची आठ केल्याने शहराचे काही बिघडणार नाही.

(ग) या जानेवारीत टोपली देऊ नये. फारच नियमात असेल तर मध व कार्ड ठेवून घ्यावे आणि नुसता नकाशा द्यावा.

यापेक्षा मला काही नको. मी या शहरावर रागावलेली नाही. मी आले तेव्हा मला झोपायला जागा याच शहराने दिली होती, शाळेच्या व्यायामशाळेत, दोन खाटा, रेफिकने त्या रात्री त्या ओढून एकमेकींना लावल्या. कोणी त्याला हरकत घेतली नव्हती. आताही मी तेवढेच मागत आहे. मला त्यांच्या शेजारी झोपायचे आहे.

उत्तराच्या प्रतीक्षेत, या शहराची रहिवासी,

फिक्रेता चाउशेविच
(सही)

एल्डर बेंड, दि. ६ नोव्हेंबर २०२३

सोबत जोडलेली कागदपत्रे :

१. आपल्या नकारपत्राची प्रत. (मूळ पत्र फ्रीजवर आहे.)

२. स्वागताची कार्डे, नग बावीस. पाहून परत करावीत.

३. कलम ७ ची प्रत, शेवटच्या वाक्याखाली रेघ मारून.

४. या वर्षीच्या टोपलीतला शहराचा नकाशा, नग एक. यात दफनभूमी छापलेली नाही. ती मी पेनाने काढली आहे आणि तिच्यात शेजारी शेजारी दोन चौकोन केले आहेत. हा नकाशा परत नको. माझ्या फाइलला लावून ठेवावा, म्हणजे त्या दिवशी मला नेणाऱ्यांना घर सापडेल.